संगणकविद्येच्या पदव्या

बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील पालकांच्या तोंडीं एकच प्रश्न येतो : ‘पोराला कॉम्प्युटरला घालावें म्हणतों, पण कोणत्या?’ प्रश्न रास्त आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बी.सी.ए., बी.टेक. कॉम्प्युटर, बी.टेक. आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. एकाच विद्येच्या इतक्या पदव्या निघाल्या आहेत कीं, नांवांच्या गर्दींत विद्या दिसेनाशी व्हावी. २०२४ सालीं बी.सी.ए. हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेंत आला व त्यास राज्याची प्रवेशपरीक्षा लागू झाली. त्याबरोबर कांहीं महाविद्यालयांनीं आपल्या अभ्यासक्रमांचीं नांवेंच बदललीं. शिकवावयाचे विषय मात्र पुष्कळसे तेच! पाटी बदलल्यानें दुकानांतील माल बदलत नाहीं, हें आठवडेबाजारास जाणारें पोरही जाणतें.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यास मी नांव बाजूस ठेवावयास सांगतों, आणि विद्यापीठाची विषयपत्रिका काढून आणावयास लावतों. तींत गणित किती आहे, हें प्रथम पाहावें. बी.टेक. चार वर्षांचें; त्यांतील पहिलें वर्ष बहुतांशीं सर्व शाखांस सारखेंच असतें, त्यामुळें शाखेचें नांव कितीही नवें असलें तरी कलनशास्त्र व भौतिकी यांपासून सुटका नाहीं. बी.एस्सी. तीन वर्षांची, चौथें केल्यास ऑनर्स. बी.सी.ए.मध्यें प्रोग्राम लिहिणें व त्यांचा व्यवहारांतील उपयोग यांवर भर; गणित बेताचें. पुढें एम.सी.ए. करावयाचें तर ती २०२० पासून दोनच वर्षांची झाली आहे. ज्यास गणिताचा मनापासून कंटाळा आहे, त्यानें केवळ प्रतिष्ठेसाठीं अभियांत्रिकीची वाट धरूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. त्या कार्याचे धुरीण नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितांतील होती. संगणकाची पदवी घ्यावयाची म्हटलें तरी त्या काळीं आपल्या देशांत ती होती कोठें ?

यंदां आमच्याच शाळेंतून गेलेली तुळजापूर तालुक्यांतील एक मुलगी वडिलांसह आली. गणितांत फार चांगली. उत्तर बरोबर आलें तरी ‘असें कां?’ हें विचारल्यावांचून न राहणारी. वडील म्हणाले, “गुरुजी, पुण्याला त्या नव्या नांवाच्या शाखेत जागा मिळंल म्हणत्यात. दोन एकर मोडावं का ?”

मीं कागद घेतला. २०२४ च्या जुलईंत ठरल्याप्रमाणें, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें उत्पन्न ८ लाखांच्या आंत आहे, त्यांस केंद्रीभूत पद्धतीनें व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. ही मुलगी त्यांत बसते. परंतु पुण्यांतील खोलीचें भाडें व खानावळ कोणी माफ केलेली नाहीं, आणि तीं चार वर्षें भरावयाचीं. दोन एकर जावयाचे ते त्यापायीं ! उलट धाराशिवच्या तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयांत साधी कॉम्प्युटरची शाखा आहे, आणि एस.टी.नें घरून जातां येतें.

वडील थोडे हिरमुसले. नव्या नांवाचें त्यांस अप्रूप होतें. मुलीनें मात्र दोन्ही विषयपत्रिका शेजारीं ठेवून पुष्कळ वेळ वाचल्या. मग पर्यायांचा क्रम लावण्याची पाळी आली. हा क्रम जपून लावावा लागतो. कारण पहिला पर्याय मिळाला तर तोच घेणें भाग असतें, नाकारल्यास पुढील फेऱ्यांत स्थान राहत नाहीं. तिनें पहिल्या क्रमांकावर धाराशिव लिहिलें. यांतून कांहींच न साधल्यास बी.एस्सी., असेंही ठरलें. यादीच्या अखेरीस तिनें पुण्याची ती शाखा ठेवलीच आहे. मीं ती खोडावयास सांगितलें नाहीं.