देवाचे अश्रू

मालवणात दिवाळीच्या आगेमागे दिव्यांचा आणखी एक दिवस येतो. २ नोव्हेंबर हा कॅथलिक मंडळींचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लागतात. आपल्या पणत्या येणाऱ्या लक्ष्मीसाठी, त्यांच्या मेणबत्त्या गेलेल्या माणसांसाठी.

आमच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत. सारी आळी त्यांना बाय म्हणे. त्यांचा थोरला मुलगा होडी घेऊन मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. त्याचे थडगे नाही. म्हणून बाय आपली मेणबत्ती एखाद्या विसरलेल्या थडग्यावर लावीत. समाचाराला येणारा जो तो म्हणे, "देवाची इच्छा!" ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई. एकदा न राहवून मी विचारले, "बाय, असल्या देवापुढे तुम्ही गुडघे टेकता तरी कशा?"

त्यांनी मला लाजराची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानातील ११व्या अध्यायात ती आहे. येशू बेथानीस पोहोचला तेव्हा लाजराला पुरून चार दिवस झाले होते. 'तू वेळेवर आला असतास तर भाऊ वाचता,' असे दोघी बहिणींनी त्याला तोंडावर ऐकविले. आपण घटकाभरात लाजराला उठविणार, हे येशू जाणून होता. तरी त्या बहिणींचा शोक पाहून तो रडला.

"झिला, तेका सगळा म्हायत होता, तरी तो रडलो," बाय म्हणाल्या. "माझ्या झिलाक तेणी उठवल्यान नाय, पण तो माझ्यावांगडा रडता, ह्या माका ठावक आसा."

असा देव मराठी मनाला परका कसा वाटावा? १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हा पांडुरंगही गहिवरला, असे नामदेवांचे अभंग सांगतात. इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत गायिली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परदेशच्या देवाला त्याने आपल्या ओवीत आणून बसविले!

लाजर उठला, बायचा मुलगा उठला नाही. हा सल बायच्या श्रद्धेने काढला नाही. तिने बायला एकटे मात्र राहू दिले नाही. दुःखितांच्या घरी जाऊन देवाची इच्छा सांगणारे पुष्कळ असतात. खुद्द देवाने मात्र बेथानीत आधी डोळे पुसले, आणि मग थडग्यावरचा दगड काढायला सांगितले.