पाण्याचा थेंब

वयाच्या नवव्या वर्षी मी वसईतल्या आमच्या चर्चमध्ये वेदीसेवक झालो. पाण्याची छोटी कुपी माझ्याकडे असायची. मिस्सेत अर्पणाच्या वेळी मी ती पुढे करायचो, फादर चषकातल्या द्राक्षारसात थेंबभर पाणी टाकायचे आणि हलक्या आवाजात प्रार्थना म्हणायचे. ज्याने आमचं माणूसपण पत्करलं, त्याच्या देवपणात आम्हांला वाटा मिळावा, अशी ती मागणी. मला तेव्हा तिचा अर्थ लागत नव्हता. पडलेला थेंब दिसेनासा होतो, एवढंच मी पाहत होतो.

पुढे शिक्षक झालो आणि रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेऊ लागलो. येशू खरा देव आणि खरा माणूस, हे मुलांकडून पाठ करून घ्यायचो. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, दोन्ही एकदम कसं?" मला उत्तर ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणण्याचं धाडस झालं नाही. चषक आठवला. म्हटलं, द्राक्षारसात पाण्याचा थेंब जिरतो ना, तसं त्याचं माणूसपण देवपणात जिरून गेलं. मुलीने मान हलवली. उदाहरण मला इतकं आवडलं, की पुढे कितीतरी वर्षं मी तेच देत राहिलो.

त्याची किंमत माझ्या बाबांनी मोजली. आयुष्यभर केळीची वाडी आणि पानवेली सांभाळलेला तो माणूस शेवटच्या आजारात खाटेला खिळला होता. एका रात्री मी पाणी पाजत होतो, तेव्हा ते म्हणाले, "मला भीती वाटते रे." मी वर्गात बोलावं तसा बोललो. "बाबा, आपण श्रद्धावंत माणसं. आपण भ्यायचं नसतं. प्रभू कधी भ्याला का?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर बारा दिवस ते होते. भीतीचा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्याने त्यांना धीर आला.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीचे दिवस होते. निवृत्त होऊन आमच्या धर्मग्रामात राहायला आलेल्या एका वृद्ध फादरांकडे मी वाचनाची तयारी करायला गेलो होतो. मार्कच्या शुभवर्तमानातला 14वा अध्याय, गेथसेमनीची बाग. तो उतारा मी शेकडो वेळा वाचला होता. त्या दिवशी अर्ध्यावर थांबलो. तिथे सरळ लिहिलं आहे की येशू व्याकूळ झाला, त्याने जमिनीवर पडून प्रार्थना केली, तीन शिष्यांना जवळ जागं राहायला सांगितलं. म्हणजे तो भ्याला होता, आणि त्याला सोबत हवी होती. मी फादरांना बाबांची ती रात्र सांगितली.

ते रागावले नाहीत. "वर्गात काय शिकवतोस?" एवढंच विचारलं. मी थेंबाचं उदाहरण सांगितलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "बाळा, हे तर युटिकीसचं मत झालं."

युटिकीस हा पाचव्या शतकातला कॉन्स्टँटिनोपलचा मठाधिपती. ख्रिस्ताचं माणूसपण देवपणात विरून जातं, समुद्रात पडलेल्या थेंबासारखं, असं त्याच्या नावावरच्या मताचं वर्णन केलं जातं. ते नाकारण्यासाठी 451 साली बिशप मंडळी खाल्किदोनला जमली. आज ती जागा इस्तंबूल शहराचा भाग आहे. एकच ख्रिस्त, पण दोन स्वभाव, असं त्यांनी ठरवलं आणि त्याला चार नकार जोडले: मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. 'कसं' याचं उत्तर त्यांनीही दिलेलं नाही, हे फादरांनी मला दोनदा सांगितलं. त्यांनी फक्त कुंपण घातलं, देवपणाच्या ओढीने माणूसपण गिळलं जाऊ नये म्हणून. त्या मुलीपुढे मीही एवढंच म्हणू शकलो असतो.

मग त्यांनी मॅक्सिमस नावाच्या मठवासी संन्याशाची गोष्ट सांगितली. सातव्या शतकात वाद उठला, की ख्रिस्ताला माणसाची वेगळी इच्छा होती का. मॅक्सिमस गेथसेमनीकडे बोट दाखवून होय म्हणत राहिला: मरणापुढे कचरणारी ती इच्छा खरीच माणसाची होती, आणि तीच पित्याच्या इच्छेला होकार देत होती. राजसत्तेला ते रुचलं नाही. त्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला हद्दपार केलं, आणि 662 साली तो हद्दपारीतच वारला. 680-81च्या धर्मपरिषदेने पुढे त्याचंच म्हणणं मान्य केलं. माझ्या प्रभूची भीती खरी होती, एवढं म्हणण्यासाठी एका म्हाताऱ्याने जीभ गमावली, आणि मी माझी जीभ वापरून बाबांची भीती गप्प केली होती. फादरांच्या खोलीत मला रडू आवरेना. त्यांनी आवर म्हटलं नाही. लाजाराच्या कबरेपाशी प्रभूही रडला होता, एवढंच म्हणाले.

निघताना मी विचारलं, मग तो थेंब कोण? ते म्हणाले, "आपण." तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी तसं लिहून ठेवलं आहे: द्राक्षारस ख्रिस्ताचा, पाणी लोकांचं. तो थेंब ख्रिस्ताचं माणूसपण नव्हताच. लहानपणी कुपी धरून मी उभा राहायचो, तेव्हा मलाच चषकात घेतलं जात होतं. आणि बाबांना.

ते फादर आता नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी आता ते उदाहरण देत नाही. घरी असलेल्या आजाऱ्यांना रविवारी मिस्सेनंतर ख्रिस्तशरीर नेऊन देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. गेल्या पावसाळ्यात एका आजींनी माझा हात धरून म्हटलं, "मास्तर, मला मरणाची भीती वाटते." मी डबी बाजूला ठेवली आणि त्यांच्या खाटेवर बसलो. म्हटलं, "त्यालाही वाटली होती, आजी." त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बस जरा." अंधार पडेपर्यंत मी तिथे बसलो होतो.