गांवीं राहिलेले मित्र

परदेशीं राहून परत आलेल्या माणसाच्या मनांत एक समजूत दडून बसलेली असते. आपण निघालों त्या दिवशीं गांवचें घड्याळ बंद पडलें, आणि आपण पुन्हां उंबरठ्यावर पाऊल ठेवतांच तें चालूं लागेल, असें त्याला वाटतें. अडीच वर्षें लंडनांत काढून आम्ही यंदा पोळ्याच्या दोन दिवस आधीं नंदनवनांतील आपल्या घरीं परतलों, तेव्हां ही समजूत आमच्याही सामानांत होती. विमानतळावर तिचें वजन मात्र कोणी केलें नाहीं.

नंदनवन हें नांव इंद्राच्या बागेचें. पण आमचें नंदनवन म्हणजे नागपूरच्या पूर्व भागांतील एक साधी वसति. विद्यार्थिदशेंत आम्ही चौघे मित्र भल्या पहांटे येथून सायकली काढून सक्करदऱ्याच्या तळ्यापर्यंत जात असूं आणि परततांना जगनाडे चौकाच्या अलीकडे एका गाडीपाशीं तर्री-पोहे खात असूं. पोह्यांचे पैसे त्या दिवशीं कोणी द्यावयाचे, यावरून आमच्यांत जितका वाद झाला, तितका पुढें कशावरूनही झाला नाहीं.

परतल्याच्या दुसऱ्याच दिवशीं आम्ही मित्रांस घरीं बोलाविलें. “काऊन बे साहेब, मराठी येते नं अजून?” अशा गजरांत स्वागत झालें. आम्हांलाही चेव आला. जमिनीखालच्या आगगाड्या, दुपारीं चारच्या सुमारासच सूर्य मावळविणारा तेथला डिसेंबर, १९३२ सालीं स्थापन झालेलें लंडनचें महाराष्ट्र मंडळ आणि तेथला गणेशोत्सव, हें सर्व आम्हीं तास अर्धा तास ऐकविलें. मित्रांनीं तें सौजन्यानें ऐकून घेतलें. मित्र सौजन्यानें ऐकूं लागले म्हणजे समजावें, कीं कोठें तरी कांहीं बिघडलें आहे. मग ते आपापसांत बोलूं लागले. कोणाच्या मुलीचा प्रवेश, कोणाचें बंद पडलेलें दुकान, कोणाचें दुखणें! त्यांतील निम्मीं नांवें आम्हांला ठाऊक नव्हतीं. आपल्याच बैठकींत आम्ही पाहुणे होऊन बसलों होतों.

चौघांपैकीं एक जण आला नव्हता. त्याला आम्ही लहानपणापासून भाऊ म्हणत आलों. “भाऊला निरोप नाहीं का पोंचला?” असें आम्हीं विचारलें, तेव्हां दोघेही क्षणभर गप्प झाले. मग एक जण हळूच म्हणाला, “त्याची माय गेली ना बे. दीड वर्ष होऊन राहिलं.”

आम्हांला तें ठाऊक नव्हतें असें नव्हे, आणि लाजिरवाणी गोष्ट तीच होती. बातमी आम्हांला त्याच दिवशीं फोनवर कळली होती. जोडलेल्या दोन हातांचें एक चित्र आम्हीं तत्काळ पाठविलें, आणि सावकाश बोलावें म्हणून बोलणें रविवारवर टाकलें. लंडनचें घड्याळ येथल्याहून हिवाळ्यांत साडेपांच तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. आम्ही रात्रीं नऊला मोकळे होऊं, तेव्हां नंदनवनांत अडीच वाजलेले असत. हें कारण खरें होतें. परंतु रविवारीं तें लागू नव्हतें. तो रविवार गेला, पुढचा गेला. आणि मग इतका उशीर झाला, कीं आतां काय म्हणून बोलावें, हाच संकोच नवें कारण होऊन बसला.

पत्रांच्या काळीं हें असें झालें नसतें, असें म्हणण्याचा मोह होतो. याच नागपुरांत १९४९ सालीं रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं सोनेगांवच्या धांवपट्टीवर एकत्र येत, पत्रांच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहांटेपर्यंत आपापल्या गांवीं परतत. त्याच्याही आधीं, आगबोटींच्या काळांत, आनंदीबाई जोशी आणि अमेरिकेंतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांचा स्नेह १८८० सालीं केवळ पत्रांतून जुळला. एकीनें दुसरीला पाहिलें तें १८८३ सालीं. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास निवर्तल्या, तेव्हां त्यांच्या अस्थि सातासमुद्रांपलीकडे त्याच बाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि त्यांनीं त्यांना आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत जागा दिली. पण त्या काळींही पत्र न लिहिणारे मित्र असतीलच. त्यांची सोय एवढीच, कीं विलंबाचा बोल टपालावर ठेवतां येत असे. आज यंत्र खिशांत असल्यामुळें तो बोल आमच्याशिवाय कोणावर ठेवावा?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही भाऊकडे गेलों. त्या दिवशीं नागपुरांत काळी आणि पिवळी मारबत निघते. गांवची इडापिडा तिच्या माथीं घालून तिला वेशीबाहेर नेऊन जाळावयाचें, ही एकोणिसाव्या शतकापासूनची रीत. मिरवणूक पाहून परतणारीं मुलें अजून रस्त्यानें ओरडत होतीं. मनांतली अडचणही अशी परस्पर कोणी नेऊन जाळील तर बरें, असें वाटलें.

दार भाऊनेंच उघडलें. “ये,” एवढेंच म्हणाला आणि चहा टाकावयास आंत गेला. ज्या ओट्यापाशीं उभ्या राहून काकू आम्हांला सांबारवड्या वाढीत, तेथें आतां तो उभा होता. आम्हीं क्षमेचें वाक्य वाटेंत जुळवून ठेवलें होतें; तें निम्में बोलून होतें न होतें, तोंच तो म्हणाला, “चार रविवार फोनची वाट पाह्यली. मग म्हटलं, असन कामात.” त्याच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपें गेलें असतें.

मग तो बोलूं लागला. आईचें तीन महिन्यांचें दुखणें, रात्रींबेरात्रीं ऑटो शोधणें, दवाखान्याच्या ओसरीवर काढलेल्या रात्री, आणि घरीं परतल्यावर रिकामी खाट. आम्ही ऐकत होतों, आणि आम्हांस उमजत होतें, कीं आमच्याहून लांबचा प्रवास यानें केला आहे. तो सांगावयास मात्र त्याला कोणी बैठक भरवून दिली नाहीं. शेवटीं तो म्हणाला, “तुझी आठवण काढे ती. तिकडे लय थंडी असते म्हणे, स्वेटर नेलं का त्यानं, म्हणून विचारे.” यावर आम्हांला कांहीं बोलतां आलें नाहीं. त्यानेंही बोलण्याचा आग्रह केला नाहीं.

नागपुरांत शून्य मैलाचा दगड आहे. हैदराबाद, चांदा, जबलपूर वगैरे गांवें तेथून किती दूर, हें त्यावर कोरलेलें आहे. आपण कोठेंही जावें, आपलें अंतर आपल्या मित्रांपासून मोजावें, आणि परत यावें तों ते त्या दगडासारखे जागच्या जागीं असावेत, अशी आमची अपेक्षा होती. पण मित्र दगड नसतात. आपण चालतों तितकेच तेही चालतात, आणि वाटेंत हांक न मारणाऱ्याला पुढच्या वळणावर एकटें राहावें लागतें.

भाऊकडे आतां आम्ही दर आठवड्याला जातों. पूर्वीची मोकळीक परत आली आहे असें म्हणवत नाहीं. पण गेल्या खेपेस पोह्यांचे पैसे कोणी द्यावयाचे यावरून त्यानें आमच्याशीं कडाक्यानें वाद घातला, आणि आम्हांस फार बरें वाटलें.

हें लिहीत असतांना टेबलावर लंडनच्या आमच्या वृद्ध शेजाऱ्यांचा निरोप येऊन पडला आहे. त्यांच्या पत्नी रुग्णालयांत आहेत. आज गुरुवार आहे. तेथें दुपारचे दोन वाजले असतील. लेखणी येथेंच ठेवतों. रविवारची वाट पाहणें आम्हीं सोडलें आहे.