पटकीचे विष

आमची वडील बहीण १९६६ साली पटकीने गेली. रात्रभर ती पाणी मागत होती. परंतु पोटात काही ठरत नाही म्हणून वडीलधाऱ्या मंडळींनी ते दिले नाही. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे. पाण्याचा तांब्या आमच्याच हाती होता.

परवा चिरंजीवांनी या रोगावरील एक शास्त्रीय लेख वाचावयास दिला. कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास याचे जंतू ओळखले. पण ते माणसाला सुकवितात कसे, याचा उलगडा त्याच नगरीत १९५९ साली शंभुनाथ डे यांनी केला. जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात घालताच तेथे पाणी साचले. म्हणजे मारक ते विष! त्याचे पाच अंश पेशीच्या आवरणास चिकटतात, सहावा आत शिरतो. मग आवरणातील क्षारांची प्रथिनरूप द्वारे उघडीच राहतात व क्षारांमागून पाणी वाहून जाते. मात्र साखर व मीठ जोडीने आत नेणारे दुसरे प्रथिन शाबूत असते. १९७१ साली बनगाव येथे दिलीप महालनोबीस यांनी निर्वासितांना ग्लुकोज, मीठ व सोडा घातलेले पाणी पाजून पुष्कळांना वाचविले. घरच्या साखरेनेही हे साधते म्हणतात.

साखरेचा डबा तेव्हा आमच्या फडताळात होता. मीठही होते.