घरांत गळपट्टा हवा काय?

कुत्र्याच्या गळ्यांत घरांतसुद्धां पट्टा असावा कीं नसावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या घरीं त्यावरून दोन तट पडले. धाकट्या सूनबाई म्हणतात, "घरांत कसला आला आहे पट्टा? मुक्या जीवाला मोकळें राहूं द्यावें." वडील चिरंजीव विचारतात, "तो आपला आहे, हें लोकांना कळायचें कसें?" दोन्ही पक्ष विचारार्ह असल्यामुळें हे चार शब्द लिहीत आहें.

सूनबाईंचा पक्ष देहधर्माचा आहे. पट्टा रात्रंदिवस राहिल्यास त्याखालचे केस झडतात. पावसाळ्यांत तो ओला राहिला, तर कातडी चिघळते. पिल्लू झपाट्यानें वाढतें आणि पट्टा आवळूं लागतो. म्हणून पट्टा व मान यांमध्यें दोन बोटें सहज शिरलीं पाहिजेत. शिवाय खिडकीच्या गजांत, किंवा खेळतांना दुसऱ्या कुत्र्याच्या दातांत पट्टा अडकला, तर प्राणावरही बेततें.

चिरंजीवांचा पक्ष व्यवहाराचा आहे. पट्टा म्हणजे बेवारशी नसल्याची खूण. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईंत पारशी मंडळींनीं दंगा केला होता. पुढें २००१ सालच्या केंद्रीय नियमांनीं मारण्याऐवजीं निर्बीजीकरणाचा मार्ग घालून दिला. तथापि चुकलेलें कुत्रें घरीं परतण्यास बिल्ल्यावरचा फोन नंबर आजही उपयोगी पडतो. कातडीखालची चिप वाचण्यास यंत्र लागतें. बिल्ला वाटसरूही वाचतो.

माझ्या मतें हा निर्णय कुत्र्याकडे नव्हे, तर दाराकडे पाहून करावा. जेथें दार सदैव लावलेलें असतें, तेथें पट्टा खुंटीवर शोभतो. एकत्र कुटुंबांत मात्र दूधवाला, मुलेंबाळें, पैपाहुणे यांनीं फाटक दिवसभर वाजत असतें, आणि "दुसऱ्यानें लावलें असेल" असें प्रत्येकास वाटतें. अशा घरीं दिवसा हलका, बिल्ल्याचा पट्टा असावा. रात्रीं कडी घातल्यावर तो काढावा. घर बंद करून सर्व मंडळी बाहेर जाणार असतील, तरीही काढावा. कारण अडकल्यास सोडविणारें कोणी नसतें. दिवाळींत फटाक्यांना भिऊन कुत्रीं पळत सुटतात. त्या दिवसांत मात्र माणसें घरांत असेपर्यंत तो रात्रींही राहूं द्यावा.

हें काम एकाच व्यक्तीकडे असावें. स्वर्गद्वारापर्यंत सोबत आलेल्या श्वानास टाकून आंत जाण्यास युधिष्ठिरानें नकार दिला, अशी कथा महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत आहे. आश्रिताचा भार घरांतील एकानें तरी तसा आपला मानला, म्हणजे पट्टा घालण्याचा व काढण्याचा विसर पडत नाहीं.