नोंदीची अमानत
आमच्या आपाला पुण्यात डेटा इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा खापरखेड्याच्या घरी अम्मीने आधी विचारलं, "व्याजाचं काम तर नाही ना?"

"नाही. यूपीआयने एका खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्या खात्यात पोहोचले का, दोन्हीकडच्या नोंदी जुळवायच्या." त्यासाठीच ती एसक्यूएल, पायथन शिकली होती.

अब्बांनी इथल्या वीज केंद्रात जन्मभर दर तासाला मीटरचे आकडे लॉगबुकात लिहिले. ते म्हणाले, "बेटा, नोंद ही लोकांची अमानत आहे."

दुसऱ्याच महिन्यात आपाच्या चुकीने काही नोंदी दोनदा चढल्या. तिने स्वतःहून साहेबांना सांगितलं, रात्रभर बसून दुरुस्त केलं. सकाळी फोनवर ती रडत होती; आम्ही सगळे गप्प.

अब्बा म्हणाले, "आज तू खरी नोकरीला लागलीस."