रोजनिशीतले एक पान

मला रोजनिशी लिहिण्याची खोड आहे. खोड म्हणायचे कारण तिच्यात विचार-बिचार काही नसतात. दूध किती आले, धोब्याकडे कपडे किती गेले, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, पाहुणे किती वाजता आले आणि (हे महत्त्वाचे!) किती वाजता गेले, एवढेच. बँकेत सारा जन्म कारकुनीत घालवलेला माणूस याहून निराळे काय लिहिणार? आमच्या सौभाग्यवती तिला ‘चित्रगुप्ताची वही’ म्हणतात. या वहीला पुढे कधी न्यायासनासमोर जावे लागेल असे मात्र आम्हा दोघांनाही वाटले नव्हते.

ऑगस्ट 2012 ची गोष्ट. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे ताई, म्हणजे आमची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात पुण्याला आली. प्रसूतिगृह मी निवडले. दोनदा जाऊन दर विचारून आलो होतो, खोल्या पाहून आलो होतो. रात्री डॉक्टर कोठे असतात, हे विचारायचे तेवढे राहिले.

त्या रात्रीचे पान जसे आहे तसे देतो. ‘रात्री 11, ताईला कळा. ही म्हणते लगेच निघू. पाऊस. मी म्हटले जरा थांबू. 2.10 रिक्षा. 2.30 दाखल. 2.45 सिस्टरनी पोटाला यंत्र लावले. 3.30 सिस्टरचा डॉक्टरांना फोन. 3.50 पुन्हा फोन. 4.50 डॉक्टर आले. 5.25 मुलगा. रडला नाही. रिक्षा 60 रुपये.’

‘रडला नाही’ याच्या पुढे रिक्षाचे भाडे! माझा मलाच आता राग येतो. पण हात सवयीने चालतो.

मूल जन्मल्याबरोबर त्याला गुण देण्याची एक पद्धत आहे. व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन डॉक्टरणीने ती 1952 साली काढली. रंग, नाडी, श्वास, स्नायूंचा ताठपणा आणि चिमटा काढल्यावर मूल काय करते ते, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. एकदा पहिल्या मिनिटाला, एकदा पाचव्या. आमच्या सोन्याला पहिल्या मिनिटाला दोन मिळाले, पाचव्याला चार. घराण्यात कोणी परीक्षेत नापास झाले नव्हते, असा एक वेडगळ विचार तेव्हा माझ्या मनात येऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले. पुढे मान धरीना, वळेना, बसेना. शेजारच्या बायका म्हणत, मुलगे जरा उशिराच सगळे करतात. चौदाव्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ हे नाव उच्चारले आणि जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा असे सांगितले.

दावा लावायचा हा विचार जावयांचा. मी विरुद्ध होतो. डॉक्टरवर फिर्याद करायची म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यावर करण्यासारखे, अशा समजुतीत आमची पिढी वाढलेली. माझे मत कशाने बदलले म्हणाल, तर त्याच वहीने! फिजिओथेरपी, झटक्यांची औषधे, पायांचे पट्टे, खास खुर्ची. सहा महिन्यांची बेरीज केली आणि ताईच्या वयातून माझे वय वजा करून पाहिले. आम्ही दोघे गेल्यावर आणि पुढे ती दोघेही थकल्यावर या मुलाचे कोण करणार? ते उत्तर कोठल्याच रकान्यात बसेना.

वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “आजोबा, तुमचा नातू कायद्याने ग्राहक आहे.” मला हसू आले. ज्याने जगात येऊन दुकानाची पायरी पाहिली नाही, तो ग्राहक! पण ते खरे आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ठरवले. 1998 साली दिल्लीजवळच्या एका इस्पितळातील चुकीच्या इंजेक्शनच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी सांगितले, की मूलही ग्राहक आणि पैसे भरणारे आईबापही ग्राहक. नुकसानभरपाई दोघांनाही मागता येते.

मुदत दोन वर्षांची. त्यातले चौदा महिने नाव कळण्यातच गेलेले. जुलै 2014 मध्ये, मुदत जेमतेम महिनाभर उरली असताना, 500 रुपये फी भरून आम्ही तक्रार दाखल केली. मागणी 18 लाखांची. हा आकडा सोन्याच्या गरजेचा नव्हता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे 20 लाखांवर मागितले की जिल्हा मंच सोडून राज्य आयोगाकडे, म्हणजे मुंबईला जावे लागे, आणि हे मूल कडेवर घेऊन दर तारखेला मुंबई कोण गाठणार? गरिबाचा हिशेब असा प्रवासखर्चापासून सुरू होतो.

मग कागद. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत असा 2002 चा नियम आहे, आणि रुग्णाचा तो हक्क मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याही आधी, 1996 सालीच मान्य केलेला. आम्हाला ते पंधरा दिवसांनी, तीन खेपा घातल्यावर मिळाले. त्यात ती पट्टी होती, बाळाचे ठोके नोंदणाऱ्या यंत्राची. तो कागद उष्णतेने उमटणारा असतो. वर्ष-दोन वर्षांत रेघा पुसट होत जातात. वकिलांनी आधी तिच्या तीन छायाप्रती काढायला लावल्या. मूळ पट्टी मी वहीतच, अंधारात ठेवली.

आता खरी गोष्ट सांगतो. वकिलांनी रोजनिशी मागितली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ‘3.30 फोन’ आणि ‘4.50 डॉक्टर आले’ हे आमच्या बाजूचे. पण त्याच पानावर ‘मी म्हटले जरा थांबू’ हेही होते. तीन तास दहा मिनिटे! मी रात्री वही काढली आणि पानाच्या कडेवर बोट ठेवून बसलो. ही जागीच होती. म्हणाली, “अहो, पान फाडलंत तर मी स्वतः ताईला सांगेन.” मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी अख्खी वही दिली.

या मंचापुढे साक्ष बहुधा प्रतिज्ञापत्रावर होते आणि उलटतपासणीचे प्रश्नही लेखी येतात. समोरच्या वकिलांचा अकरावा प्रश्न मला पाठ आहे: ‘कन्येस कळा सुरू झाल्यावर तिला रात्री 11 ते 2.10 घरी ठेवण्याचा निर्णय आपला होता, हे खरे काय?’ मी लिहिले, ‘खरे.’ ताईने ते उत्तर वाचले. काही बोलली नाही. सोन्याला भरवायला उठून गेली.

समोरच्यांचे दुसरे म्हणणे असे, की दोष जन्माच्या वेळचा कशावरून? वाद जुना आहे. लंडनच्या डॉ. लिटल यांनी 1861 मध्ये अवघड प्रसूतीकडे बोट दाखवले, तर 1897 मध्ये फ्रॉइड (होय, तेच स्वप्नांचा अर्थ लावणारे) म्हणाले, की मूल पोटातच आधी बिघडलेले असेल आणि म्हणूनही प्रसूती अवघड होत असेल. अशा पुष्कळ मुलांत जन्माच्या वेळी काहीच चुकलेले नसते, असे आजचे जाणकारही मानतात. म्हणून तज्ज्ञाचे मत हवे, आणि डॉक्टराविरुद्ध डॉक्टर सहसा लिहीत नाही. शेवटी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी कागद पाहिले. एक पैसा घेतला नाही. पट्टीवर पेन्सिल टेकवून त्या म्हणाल्या, “हे पाहा आजोबा, 2.45 ला ठोके 140. अगदी छान बाळ. 3.30 पासून प्रत्येक कळेनंतर खाली जातात आणि वर यायला वेळ लावतात. बिघडलंय ते इथे.”

म्हणजे आमच्या घरात बाळ सुखरूप होते. मला हायसे वाटले आणि लगेच त्या हायसे वाटण्याची लाजही वाटली. 2.45 ला ते अगदी छान होते!

मध्यंतरी मंडईत ते डॉक्टर भेटले. आम्ही दोघेही कोथिंबिरीच्या एकाच ढिगापुढे उभे. त्यांनी विचारले, “मुलगा कसा आहे?” मी म्हटले, “खुर्चीत बसतो आता.” ते म्हणाले, “त्या रात्री…” आणि थांबले. त्यांच्या वकिलांनी बोलू नका म्हटले असणार. माझ्याही म्हटले होते. त्यांनी जुडी तशीच ठेवली आणि निघून गेले. जपानात 2009 पासून अशा मुलांसाठी एक योजना आहे. ती कोणाची चूक सिद्ध होण्याची वाट न पाहता, अटीत बसणाऱ्या मुलाला एकंदर तीन कोटी येन हप्त्याहप्त्याने देते, आणि काय घडले त्याचा शोध वेगळा घेते. तिथे बहुधा मंडईतले वाक्य पुरे होत असेल.

2021 साली निकाल लागला. आयोगाने (मंचाला आता आयोग म्हणतात) लिहिले, की चूक आणि हयगय एक नव्हेत, पण नोंद दिसत असताना सव्वा तास कोणी न येणे ही हयगयच होय. 12 लाख रुपये, राष्ट्रीयीकृत बँकेत सोन्याच्या नावे मुदत ठेव, व्याज त्याच्या उपचारांसाठी. समोरचे अपिलात गेले. म्हणजे मुंबई काही चुकली नाही.

सोन्या शाळेत जातो, विशेष मुलांच्या. दिवाळीचे फटाके त्याला सोसत नाहीत, म्हणून आम्ही खिडक्या लावून चकल्या खातो. त्याच्यासाठी ही चकली दुधात भिजवून कुस्करते. अपिलाची पुढची तारीख भाऊबीजेनंतर आहे. गाडीची वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे. या वेळी ताई म्हणाली, “बाबा, आपण आदल्या रात्रीच निघू.”